उसवलेला स्नायू, भरकटलेले ठोके: एका आनुवंशिक हृदयविकाराची ओळख

जिममध्ये, गरब्याच्या मैदानात किंवा मॅरेथॉनच्या मार्गावर एखादा तिशीतला माणूस कोसळतो, त्याची चित्रफीत दिवसभर मोबाइलवरून फिरते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने मृत्यू’ एवढेच छापून येते. अशा अनेक घटनांमागे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतील अडथळा असतो, आणि भारतीयांमध्ये तो तुलनेने लवकरच्या वयात होतो हे खरे आहे. मात्र काही तरुणांच्या रक्तवाहिन्या पूर्ण मोकळ्या असतात, त्यांना मधुमेह नसतो, तंबाखूचे व्यसन नसते, आणि तरीही त्यांचे हृदय धावता धावता थांबते. त्यांच्या बाबतीत दोष रक्तवाहिनीत नसून हृदयाच्या स्नायूतच असतो, आणि तो बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांना इंग्लंडचा जेम्स टेलर आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या कसोटीत त्याने शॉर्ट लेगला घेतलेले दोन झेल अजूनही दाखवले जातात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, केंब्रिज येथे सामन्यापूर्वीच्या सरावात त्याची छाती विलक्षण वेगाने धडधडू लागली. सुरुवातीला तो विषाणूचा त्रास वाटला, पण तपासण्यांतून निघालेला आजार वेगळाच होता, आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला खेळणे कायमचे सोडावे लागले. त्या आजाराचे नाव ‘ॲरिथमोजेनिक राइट व्हेंट्रिक्युलर कार्डिओमायोपथी’, म्हणजे मुख्यतः हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या स्नायूचा, ठोके बिघडवणारा आजार. हे लांबलचक नाव एकदा वाचून बाजूला ठेवू आणि पुढे त्याचे ‘एआरव्हीसी’ हे लघुरूपच वापरू. साधारण एक हजार ते पाच हजार माणसांमागे एकाला हा आजार असावा, असा अंदाज आहे. तो दिसतो एका माणसात, पण त्याचा शोध घ्यावा लागतो संपूर्ण कुटुंबात. आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

झटका वेगळा, ठोक्यांचा बिघाड वेगळा

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा एखादा भाग रक्तावाचून मरणे. हृदय बंद पडणे म्हणजे त्याचे आकुंचन इतके विस्कळीत होणे की मेंदूपर्यंत रक्त पोहोचतच नाही. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, परंतु पहिले न होताही दुसरे होऊ शकते. एआरव्हीसीमध्ये तसेच घडते. तेथे रक्तपुरवठा नीट असतो. बिघडते ती विजेची वाटचाल. म्हणूनच अँजिओग्राफीचा अहवाल स्वच्छ आला म्हणजे हृदय निर्दोष ठरले, असे मानणे या आजारात धोक्याचे असते.

स्नायूची शिवण उसवते म्हणजे काय होते?

हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेच्या एका सूक्ष्म संदेशाने सुरू होतो. हा संदेश वरच्या उजव्या कप्प्यातून निघतो, खालच्या दोन कप्प्यांत उतरतो आणि एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जात क्षणार्धात सगळ्या स्नायूत पसरतो. त्यासाठी पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असाव्या लागतात. हे जोड म्हणजे गोधडीचे टाके समजावेत. गोधडीचे सगळे थर एकत्र राहतात ते टाक्यांच्या बळावर. दोराच कच्चा असेल तर नवी गोधडी वरून सुरेख दिसते, पण धुताना आणि पिळताना एकेक टाका उसवू लागतो.

हृदयाच्या पेशींमधील या टाक्यांना डेस्मोसोम म्हणतात. ते पाच प्रमुख प्रथिनांनी बनतात आणि प्रत्येक प्रथिनाची कृती एका जनुकात लिहिलेली असते. त्यांपैकी एखाद्या जनुकात चूक असेल तर दोरा जन्मापासूनच कच्चा असतो. प्लॅकोफिलिन-२ या प्रथिनाच्या जनुकातील दोष सर्वाधिक आढळतो, आणि या आजाराशी असलेले त्याचे नाते २००४ मध्ये उघड झाले. ठोक्यागणिक बसणाऱ्या ताणाने पेशी एकमेकींपासून सुटतात, काही मरतात, आणि त्यांची जागा शरीर चरबीने व व्रणासारख्या तंतुमय ऊतीने भरून काढते. या भरावातून विजेचा संदेश नीट जात नाही. तो अडतो, वळसा घेतो, आणि एखाद्या वेळी त्याच वळशात अडकून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. मग हृदय मिनिटाला दोनशे किंवा त्याहूनही अधिक वेळा धडधडू लागते. हा वेग टिकून राहिला किंवा त्याचे रूपांतर निव्वळ थरथरीत झाले, तर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो.

यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. टाक्यांजवळच विजेचे नियमन करणारी इतर प्रथिनेही असतात आणि टाके सैल झाले की त्यांचीही घडी विस्कटते. त्यामुळे भराव डोळ्यांना दिसण्याइतका वाढण्यापूर्वीच ठोके बिघडू शकतात. सोनोग्राफीच्याच तंत्राने केलेल्या ‘इको’ तपासणीत हृदय ठणठणीत दिसत असतानाही धोका असू शकतो, तो यामुळे.

उजवाच कप्पा का, आणि व्यायामाचा दोष काय?

डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पाठवतो, म्हणून त्याची भिंत जाड असते. उजवा कप्पा फक्त फुप्फुसांकडे रक्त पाठवतो आणि त्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. विश्रांतीच्या वेळी त्याच्यावरचा भार हलका असतो, पण दीर्घकाळ धावताना, सायकल चालवताना किंवा पोहताना फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो आणि उजव्या कप्प्यावरचा ताण डाव्याच्या तुलनेत कितीतरी जास्त प्रमाणात चढतो. पातळ कापडावरच अधिक ओढ बसावी, तसा हा प्रकार आहे. तरीही डावा कप्पा या आजारातून सुटतोच असे नाही. कित्येक रुग्णांत दोन्ही कप्पे बाधित होतात, तर काहींत फक्त डावाच, आणि म्हणून आता अनेक तज्ज्ञ या रोगसमूहाच्या नावातून ‘उजवा’ हा शब्द गाळू लागले आहेत.

व्यायाम हृदयाला हितकारक असतो, मग येथे तो मारक कसा, असा प्रश्न साहजिक आहे. ज्यांचे टाके मजबूत आहेत त्यांच्यासाठी व्यायाम हितकारकच आहे, आणि हा लेख वाचून कोणी सकाळचे चालणे थांबवू नये. मात्र ज्यांच्या डेस्मोसोमच्या जनुकात दोष आहे, त्यांच्यावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, दमछाक करणारे दीर्घ व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार लवकर व अधिक प्रमाणात प्रकट होतो. त्यामुळे निदान झालेल्या व्यक्तीला स्पर्धात्मक आणि दीर्घ दमाचे खेळ सोडण्यास सांगितले जाते. ज्याच्यात केवळ जनुकीय दोष सापडला आहे आणि आजाराची चिन्हे नाहीत, त्यालाही बहुधा हाच सल्ला मिळतो. चालणे आणि हलके व्यायाम किती करावेत, हे डॉक्टर ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरवतात. ज्याचे सगळे जगणे खेळाभोवती गुंफलेले आहे, त्या तरुणासाठी हे सांगणे फार कठोर असते, आणि ते सांगताना घाई करू नये असे मला वाटते.

नॅक्सॉस बेट आणि न्यूफाउंडलँड: वारशाचे दोन धडे

ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावर निकोस प्रोटोनोटारिओस आणि अडालेना त्सात्सोपुलू हे डॉक्टर काम करीत होते. तेथील काही कुटुंबांत त्यांना अशी मुले आढळली, ज्यांचे केस जन्मापासून लोकरीसारखे कुरळे होते, आणि हातापायांचा वापर सुरू होताच ज्यांचे तळवे जाड व घट्ट होऊ लागत. त्याच मुलांना किशोरवयापासून हृदयाच्या ठोक्यांचा विकार जडत असे. १९८६ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे २००० मध्ये प्लॅकोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला आणि सगळे कोडे उलगडले: तेच प्रथिन हृदयात, त्वचेत आणि केसांतही टाक्याचे काम करते. एआरव्हीसी हा पेशींच्या जोडांचा आजार आहे, हे कळण्याची वाट या बेटावरून निघाली.

नॅक्सॉसचा प्रकार होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. एकच सदोष प्रत असलेले पालक सहसा निरोगी असतात. अशा प्रकारचे वारसे जवळच्या नात्यातील विवाहांतून अधिक दिसतात, आणि महाराष्ट्राच्या काही भागांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्याने ही बाब आपल्यालाही लागू आहे. केस, तळवे आणि हृदय यांचा असा एकत्रित विकार असलेली कुटुंबे भारतातही नोंदवली गेली आहेत.

मात्र बहुतेक एआरव्हीसीचा वारसा याहून निराळा असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरेशी ठरते, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड बेटावर काही कुटुंबांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ऐन उमेदीत अचानक मरत. तेथील मेमोरियल विद्यापीठातील संशोधकांनी या कुटुंबांच्या वंशावळी जुळवल्या आणि २००८ मध्ये टीएमईएम-४३ या जनुकातील दोष शोधून काढला. हा दोष असलेल्या, उपचार न मिळालेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे चाळिशी गाठण्यापूर्वीच दगावत होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी होते. इतर जनुकांच्या दोषांतही पुरुषांना आजार सहसा अधिक तीव्र होतो, पण स्त्रियांना तो होत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही.

वारशाने दोष मिळाला म्हणजे आजार झालाच पाहिजे, असेही नसते. एकाच घरात थोरल्या भावाला विशीत चक्कर येते, बहिणीच्या तपासणीत किरकोळ बदल दिसतात, आणि ज्यांच्याकडून दोष आला ते वडील सत्तरीतही काही न होता हिंडतात. ‘आमच्या वडिलांना कधी काही झाले नाही’ हे विधान म्हणून पुरेसा पुरावा ठरत नाही.

हा आजार परदेशी आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे कोणास वाटल्यास एक शेजारचे उदाहरण द्यावेसे वाटते. भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांमध्ये एमवायबीपीसी-३ या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, असे २००९ मध्ये दाखवले गेले. तो हृदयस्नायूच्या वेगळ्या आजारांशी जोडलेला आहे, एआरव्हीसीशी नव्हे. परंतु हृदयाच्या स्नायूचे आनुवंशिक दोष आपल्या घरांतही आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

आजार सहसा पौगंडावस्थेनंतर, बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान समोर येतो. छातीत अचानक धडधड सुरू होणे व तशीच अचानक थांबणे, ठोका चुकल्याची भावना, डोळ्यांपुढे अंधारी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्रम करताना शुद्ध हरपणे. उन्हात उभे राहून किंवा रक्त पाहून येणारी भोवळ बहुधा निरुपद्रवी असते, पण धावताना, खेळताना किंवा जिना चढताना मध्येच कोसळलेल्या तरुणाला लिंबूपाणी देऊन घरी पाठवू नये. काही रुग्णांना छातीत दुखते, रक्ततपासणीत हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दिसते आणि ‘विषाणूमुळे सूज आली’ असे निदान होते. असा प्रसंग पुन्हा घडला किंवा घरातील दुसऱ्या कोणाला घडला, तर जनुकीय दोषाचा विचार व्हायला हवा.

आणि दुर्दैवाने काही जणांत पहिले लक्षण मृत्यू हेच असते. स्पेनमधील सेव्हिया संघाचा फुटबॉलपटू अँटोनिओ पुएर्ता ऑगस्ट २००७ मध्ये सामना सुरू असताना कोसळला आणि तीन दिवसांनी वारला. तो अवघ्या बावीस वर्षांचा होता, आणि त्यालाही हाच आजार होता.

एका तपासणीत निदान का होत नाही?

रुग्ण आणि नातेवाईक यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी बाब हीच आहे. एआरव्हीसीसाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगणारी एकच तपासणी उपलब्ध नाही. १९९४ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निकष ठरवले आणि २०१० मध्ये ते सुधारले. त्यांत ईसीजीतील बदल, ठोक्यांची नोंद, हृदयाची रचना, ऊतीची तपासणी आणि कौटुंबिक इतिहास या सर्वांना वेगवेगळे वजन दिलेले आहे. ईसीजीच्या उजव्या बाजूच्या आलेखांत एक विशिष्ट लहर उलटी दिसते, पण लहान मुलांत ती तशीच असणे स्वाभाविक असते. होल्टर नावाचे छोटे यंत्र अंगावर लावून २४ तासांतील प्रत्येक ठोका नोंदवतात. खालच्या कप्प्यातून अवेळी येणारे ठोके पाचशेहून अधिक असतील, तर ती नोंद संशयाच्या बाजूने मोजली जाते. एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचा आकार, त्याच्या भिंतीचे फुगवटे आणि व्रण दिसतात.

येथे उलट बाजूची चूकही होते, आणि ती क्षुल्लक नाही. निरोगी माणसाच्या, विशेषतः वय व वजन वाढलेल्या माणसाच्या उजव्या कप्प्याभोवती थोडी चरबी असतेच. केवळ एमआरआयमधील तेवढ्या चरबीवरून निदान केल्याने अनेकांना नसलेला आजार चिकटवला गेला, हे मोठ्या केंद्रांत फेरतपासणी झाली तेव्हा लक्षात आले. सार्कॉइडोसिस नावाचा दाहजन्य आजारही हुबेहूब असेच चित्र उभे करतो, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे असतात. म्हणून शक्य असेल तेव्हा हे निदान अशा केंद्रात पक्के करून घ्यावे, जेथे ठोक्यांच्या विकारांचे तज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक दोघेही आहेत.

जनुकीय चाचणीबद्दलही अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. निश्चित निदान झालेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक जणांतच दोष सापडतो. कधी अहवालात असा बदल येतो की तो घातक आहे की निरुपद्रवी, हे सांगता येत नाही. अशा संदिग्ध बदलावरून कोणालाही रोगी ठरवू नये. चाचणी प्रथम ज्याला आजार आहे त्याचीच करावी. त्याच्यात निःसंशय दोष सापडला, तरच तोच दोष नातेवाइकांत शोधण्याला अर्थ राहतो.

उपचाराने आजार बरा होतो का?

उसवलेले टाके पुन्हा घालणारे औषध आज तरी उपलब्ध नाही. उपचारांचा हेतू अचानक मृत्यू टाळणे, ठोके आटोक्यात ठेवणे आणि झीज मंदावणे हा असतो. त्यासाठी श्रमांवर मर्यादा घालतात, बीटा ब्लॉकर गटातील औषधे देतात, आणि गरज पडल्यास सोटालॉल, अमिओडॅरोन किंवा फ्लेकेनाइड यांसारखी औषधे वापरतात. विजेचा संदेश ज्या वळशात अडकतो ती जागा नळीद्वारे आत जाऊन उष्णतेने निकामी करता येते. त्याला ॲब्लेशन म्हणतात. त्यातून त्रास खूप कमी होतो, पण पुढे नव्या जागी भराव तयार होऊ शकतो. मोजक्या रुग्णांत हृदय इतके दुबळे होते की प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

मृत्यू टाळण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे आयसीडी. हे कातडीखाली बसवलेले छोटे यंत्र ठोक्यांवर सतत लक्ष ठेवते आणि घातक बिघाड दिसताच विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत करते. न्यूफाउंडलँडमधील बाधित पुरुषांचे आयुष्य या यंत्राने अक्षरशः वाढवले. मग ते प्रत्येकाला का बसवू नये? कारण यंत्र कधी गरज नसताना धक्का देते, त्याच्या तारांना जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा त्या तुटू शकतात, आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर ते बदलावे लागते. विशीत यंत्र बसलेल्या माणसाला हे आयुष्यभर पुन्हा पुन्हा सोसावे लागते. ज्याचे हृदय एकदा बंद पडून सुरू झाले आहे किंवा ज्याचे ठोके एकदा घातक वेगाने धडधडून गेले आहेत, त्याच्या बाबतीत निर्णय सोपा असतो. इतरांसाठी वय, लिंग, शुद्ध हरपल्याचा इतिहास, अवेळी ठोक्यांची संख्या आणि उजव्या कप्प्याची क्षमता यांवरून धोका मोजतात.

मग सगळ्याच तरुणांची तपासणी का करू नये?

इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तेथील पादुआ येथील डॉक्टरांनी १९८८ मध्ये व्हेनेतो भागातील तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंमागे एआरव्हीसी हे महत्त्वाचे कारण असल्याचे दाखवले होते. त्याच भागात खेळाडूंमधील आकस्मिक हृदयमृत्यूंचे वार्षिक प्रमाण १९७९-८० मधील दर लाखामागे ३.६ वरून २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे इस्रायलमध्येही असा कायदा झाला, पण त्याने मृत्यूंत घट झाल्याचे तेथील २०११ च्या अभ्यासात दिसले नाही. सरसकट तपासणीत निरोगी मुलेही संशयित ठरतात, त्यांचे खेळ थांबतात आणि पालकांची झोप उडते. त्यामुळे सर्वांच्या तपासणीविषयी मतभेद आहेत. बाधित व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकांच्या तपासणीविषयी मात्र तज्ज्ञांत दुमत नाही.

कुटुंबाला सांगावे का?

‘सांगितले तर मुलीचे लग्न जमणार नाही’ ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे अन्यायाचे ठरेल. विम्याची चिंताही निराधार नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, हृदयस्नायूच्याच एका आजाराच्या प्रकरणात, ‘आनुवंशिक विकार’ असे मोघम कारण देऊन दावा नाकारणे भेदभावाचे असल्याचे म्हटले. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. या अडचणी असूनही आई-वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांना सांगणे टाळू नये, कारण न सांगण्याची किंमत त्यांच्यापैकी कोणाला जिवानिशी मोजावी लागू शकते. गावभर सांगण्याची गरज नाही. ज्यांच्यात हा दोष असू शकतो त्यांना तो कळला म्हणजे पुरे.

घरात तरुण माणसाचा आकस्मिक मृत्यू झाला असेल, तर शोकाच्या त्या दिवसांतही काही गोष्टी कोणीतरी जबाबदारीने कराव्यात: त्याचे जुने ईसीजी, इको व शवविच्छेदनाचे कागद जपून ठेवावेत, शवविच्छेदन होत असताना हृदयाचा नमुना सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी आणि रक्ताचा नमुना पुढील जनुकीय चाचणीसाठी राखता येईल का, हे विचारावे. या नमुन्यांवाचून नातेवाइकांची तपासणी अंदाजाने करावी लागते.

नातेवाइकांची पहिली तपासणी ईसीजी, इको आणि होल्टरने होते, गरजेनुसार एमआरआय केला जातो. ती स्वच्छ आली तरी काम संपत नाही, कारण आजार नंतरही प्रकट होऊ शकतो. म्हणून वय आणि धोका पाहून एक ते काही वर्षांच्या अंतराने ती पुन्हा करतात. मुलांच्या बाबतीत साधारण दहा-बारा वर्षांच्या वयापासून हे वेळापत्रक सुरू होते. कुटुंबातील दोष नेमका माहीत असेल आणि एखाद्या नातेवाइकात तो नसल्याचे चाचणीने सिद्ध झाले, तर त्याच्या फेऱ्या तेथेच थांबतात. तो खेळू शकतो आणि त्याच्या मुलांना तपासणीची गरज उरत नाही.

ज्या घरात हा आजार आहे, तेथील प्रत्येक मोठ्या माणसाने छातीदाबन शिकून घ्यावे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसताच १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मॉल, विमानतळ किंवा मोठ्या रेल्वे स्थानकावर विजेचा धक्का देणारे एईडी यंत्र जवळ असेल तर ते लगेच मागवावे; त्याच्या सूचना ते स्वतः बोलून देते, आणि गरज नसेल तर ते धक्का देत नाही.